भुयारी रेल्वे आणि पुराचें पाणी

पाणी सखल जागा शोधीत जातें, हें आपण लहानपणींच शिकतों. शहराच्या पोटांतून रेल्वे न्यावयाची, म्हणजे त्या पाण्यासाठीं सर्वांत सखल जागा आपणच खोदून ठेवावयाची. मग तेथून जाणाऱ्या माणसांचें रक्षण कसें करावें, याचा आज थोडा विचार करूं.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ सालीं सुरू झाली. तेथें कोरड्या दिवशींसुद्धां झिरपलेलें सुमारें पांच कोटी लिटर पाणी पंपांनीं उपसावें लागतें. २९ ऑक्टोबर २०१२ रोजीं सँडी वादळ त्या शहरावर आलें. वाऱ्यानें रेटलेला समुद्र आणि पौर्णिमेची भरती यांची एकाच रात्रीं गांठ पडली. जिन्यांवरून, हवेसाठीं ठेवलेल्या जाळ्यांतून, वाट मिळेल तेथून पाणी खालीं उतरलें. २००९ सालीं बांधलेलें साउथ फेरी स्थानक बुडालें. तें पुन्हां सुरू होण्यास २०१७ साल उजाडलें. समुद्राचें पाणी उपसलें तरी मीठ मागें राहतें, आणि तें सिग्नलांच्या यंत्रांस व तारांस पुढें कित्येक महिने खात राहतें.

तथापि त्या बोगद्यांत एकही प्रवासी अडकला नाहीं. कारण आदल्या दिवशीं सायंकाळींच गाड्या बंद करून शक्य तितके डबे उंचावरील जागीं नेऊन ठेवले होते.

आतां दुसरें चित्र पाहा. चीनमधील झेंगझोउ शहरांत २० जुलै २०२१ रोजीं एका तासांत सुमारें २०० मिलिमीटर पाऊस कोसळला. गाड्या मात्र चालूच होत्या. आगाराची भिंत फोडून पाणी बोगद्यांत शिरलें, गाडी अडली, डब्यांत छातीपर्यंत पाणी चढलें आणि चौदा माणसें प्राणांस मुकलीं.

आपल्या मुंबईंतही २६ मे २०२५ रोजीं वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकांत पाणी शिरलें. स्थानक सुरू होऊन पुरा महिनाही झाला नव्हता. एका अपुऱ्या प्रवेशद्वाराशीं बांधलेली तात्पुरती भिंत पाण्याच्या दाबानें कोसळली. बाकी सर्व दारें पक्कीं असलीं तरी एक कच्चें दार पुरें होतें.

उपाय आपल्या परिचयाचे आहेत. कोंकणांतील घराचें जोतें उंच कां असतें? त्याच न्यायानें बँकॉकच्या भुयारी स्थानकांत उतरण्यापूर्वीं कांहीं पायऱ्या चढाव्या लागतात. जाळ्यांस झांकणें, जिन्यांच्या तोंडाशीं जलरोधक दारें, आणि शहराची वीज गेली तरी चालतील असे पंप हवेत. कारण पुरांत वीज आधीं जाते आणि पंपांची गरज तेव्हांच असते. शिवाय वरच्या रस्त्यावरील गटार तुंबलें, तर खालचा पंप किती पुरा पडणार?

परंतु सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण उपाय म्हणजे गाड्या वेळीं थांबविणें. वादळ हुकलें, तर "उगीच खोळंबा केला" म्हणून आपणच अधिकाऱ्यास बोल लावतों. त्या टीकेच्या भयानें तो पुढच्या खेपेस अर्धा तास थांबून पाहतो, आणि झेंगझोउसारख्या पावसांत अर्धा तासच जीवघेणा ठरतो. यास्तव, श्रोतेहो, एखाद्या पावसाळी संध्याकाळीं स्थानकाचें दार बंद दिसलें आणि पाऊस मात्र पडलाच नाहीं, तर रागावूं नका. घरीं उशीरा पोंचलों, पण पोंचलों, असें म्हणा.