यंत्र आले, पण कुणाच्या फडात?



हंगाम जवळ आला की शेतकी ऑफिसात एकच चौकशी असते, "टोळी येणार का यंत्र?" उचल घेऊन टोळी आली नाही, याचा चटका अनेकांना बसला आहे. तेव्हा यंत्राची ओढ आम्ही समजू शकतो. पण जिथे यंत्राने कोयता हटवला, तिथे काय घडले तेही पाहू.

सर्वांत जास्त साखर निर्यात करणारा देश ब्राझील. तेथील साव पाउलो राज्यात ऊस पेटवून मग हाताने तोडीत. २००७ साली राज्य सरकार आणि कारखानदारांच्या संघटनेत करार झाला, की यंत्र चालेल अशा सपाट जमिनीवर २०१४ पर्यंत पेटवणे बंद करायचे. हिरवा ऊस हाताने तोडणे परवडेना, म्हणून यंत्रे उतरली. एक यंत्र ८० ते १०० माणसांचे काम ओढते. धूर गेला, हे बरेच झाले. पण मारान्याँ, पियाउईसारख्या गरीब राज्यांतून दरसाल येणाऱ्या मजुरांचे काम गेले. काहींना चालक, मेकॅनिक म्हणून शिकवले, बाकीच्यांनी दुसरी वाट धरली.

आपला बीडकडचा कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीदर ३४ टक्क्यांनी वाढला, तरी उचलीचा फास काही सुटला नाही. हे काम सुखाचं आहे असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण ते गेलं तर त्या घरात दुसरं काय आहे? शिवाय यंत्र वाढे कापून फडातच टाकते. जमिनीला ते चांगले, पण जनावरांच्या वैरणीचे काय?

आता आपलं बघा. यंत्राला पाच फुटी सरी, लांब तास आणि वळायला जागा लागते. ब्राझीलचे मळे शेकडो एकरांचे, आपल्या कित्येकांचा ऊस वीस-तीस गुंठे. यंत्राची किंमत कोटीच्या घरात. सरकारने २०२३ मध्ये ३५ लाखांपर्यंत अनुदान जाहीर केले, तरी उरलेली रक्कम लहान सभासद कुठून आणणार? मग यंत्र मोठ्या बागायतदाराचे किंवा ठेकेदाराचे, आणि पहिली पाळी सलग मोठ्या प्लॉटची. टोळ्या कमी झाल्यावर लहान तुकड्याचा ऊस तुरा येऊन वाळत उभा! वजनाची घट सोसायची सभासदानेच.

म्हणून वार्षिक सभेत यंत्राचा विषय निघाला की नुसतं "मंजूर, मंजूर" नको. लागणीच्या तारखेप्रमाणे पाळी यंत्रालाही लागू आहे का? शेजारच्या चौघांनी बांधाला बांध लावून एकाच तारखेला, एकाच जातीची, पाच फुटी लागण केली तर यंत्र देणार का? चालक आणि मदतनीस जुन्या टोळ्यांतल्या पोरांतून शिकवून घेणार का? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.