भंडाऱ्याचा पूर सिवनीत बघा

आजचा प्रश्न: भंडाऱ्यात पाऊस थांबलाय, तरी वैनगंगा का चढतेय?

कारण ती येते मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून. तिथलं संजय सरोवर भरलं की दरवाजे उघडतात आणि ते पाणी बालाघाट, गोंदिया करत आपल्याकडे येतं. वाटेत बाघ आणि बावनथडीही मिळतात.

दुसरी गोष्ट शहराच्या खालची. आंभोऱ्याला कन्हान मिळते, पुढे पवनीजवळ गोसीखुर्द धरण. कन्हानलाही पूर असला की वैनगंगेचं पाणी तुंबतं आणि नाल्यांतून उलटं वस्तीत शिरतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले होते, तरी भंडारा शहरात पाणी शिरलंच.

मी सॉफ्टवेअरवाला, आउटपुट बिघडलं की आधी इनपुट तपासतो. तुम्हीही हवामान ॲपमध्ये भंडाऱ्यासोबत सिवनी आणि बालाघाट टाकून ठेवा. कारधा पुलाजवळची पाणीपातळी आणि जिल्हा प्रशासनाचा इशारा बघत राहा.

वरचं पाणी इथवर यायला काही तास लागतात. तेवढ्यात कागदपत्रं माळ्यावर टाका, गुरं सोडा, आजी-आजोबांना उंचावर न्या. डोक्यावर ऊन असलं तरी!