ध्रुवसमुद्राचे हिम आणि धानाची बांधी
(लेखांक सातवा)

डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेल्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचा वृत्तान्त गेल्या आठवड्यात झाला. आता उत्तर ध्रुवसमुद्राकडे वळावयाचे. भंडारा जिल्ह्यातील, कोशाच्या वस्त्रांकरिता ख्यातनाम असलेल्या आंधळगावच्या एखाद्या वाचकाने असे विचारले, की जो समुद्र आमच्या नातवंडांच्याही दृष्टीस पडावयाचा नाही, त्याच्या हिमाची जमाबंदी आम्ही कशाला ठेवावी, तर तो सवाल रास्तच म्हणावा लागेल. आणि त्याचा जबाब वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या दफ्तरी आहे.

सागरी हिम म्हणजे उणे १.८ अंशाच्या सुमारास गोठलेले समुद्राचेच खारे पाणी. ते मुळात तरंगतच असल्यामुळे वितळले तरी समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. हानी होते ती निराळ्या मार्गाने. शुभ्र हिम सूर्यप्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग आकाशाकडे परत धाडते, तर उघडे पडलेले काळेभोर पाणी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश शोषून घेते, त्याने तापते, आणि उरल्यासुरल्या हिमाचाही घास घेते. सावकाराचे चक्रवाढ व्याज असेच फुगत जाते. ध्रुवावरची दीर्घ रात्र आणि ढगांचे आवरण भेदून येणारे सूक्ष्मतरंग टिपणारे उपग्रह १९७९ पासून ही मोजणी अखंड करीत आहेत. हिम सर्वांत कमी असते त्या सप्टेंबर महिन्यात १९७९ साली सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर असलेला त्याचा विस्तार २०१२ साली ३४ लाखांवर आला.

उपग्रहास पाण्याखालचे दिसत नाही. म्हणून स्वालबार बेटांवरील 'हिमाद्री' या आपल्या ठाण्याजवळच्या कोंग्सफ्योर्डेन खाडीत, १९२ मीटर खोल पाण्यात, जुलै २०१४ मध्ये 'इंडआर्क' ही उपकरणांची माळ नांगरून ठेवण्यात आली. वरचे पाणी कसेही असो, ती निरनिराळ्या खोलीवरचे तापमान व क्षारता टिपत राहते.

पुढे २०२१ साली वास्कोच्या याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह असे मांडले, की रशियाच्या उत्तरेस असलेल्या कारा समुद्रात ज्या उन्हाळ्यात हिम कमी राहते, त्या वर्षी वायव्य युरोपवरील उच्च दाबापासून वातावरणाच्या वरच्या थरातील लहरी आशियाकडे सरकतात, आणि अरबी समुद्र उष्ण असल्यास मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टीचा संभव वाढतो. सप्टेंबर म्हणजे बांधीतले हलके धान निसवलेले आणि भारी धान पोटरीत आलेले. ऐन फुलोऱ्यावर धो धो पाऊस झाला की परागकण धुपून दाणा पोचट राहतो, हे भंडाऱ्याच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको.

मात्र शास्त्रज्ञांनी मथळ्यातच हा संबंध 'संभाव्य' म्हटला आहे, आणि माझ्या मते तेच त्यांचे मोठेपण. ऑगस्ट २०२० अखेरचा वैनगंगेचा महापूर कारा समुद्राच्या खाती घालण्याची घाई कोणी करू नये. तो ऑगस्टातला, मध्यप्रदेशातील मुसळधार पावसाचा होता. पुढील लेखांकात दक्षिण ध्रुवाकडील मोजणी पाहू, जेथे फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमविस्तार १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली उतरला.