खरं उत्तर कुठल्या डब्यात?

एका खोलीत दहा-बारा बाया बसल्या आहेत. प्रत्येकीभोवती पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामुळे शेजारणीचा हातही दिसत नाही. पुढ्यात तीन डबे: हिरवा, लाल, पांढरा. हातात आकडे छापलेल्या कार्डांची गड्डी. समोरची कार्यकर्ती मोठ्यानं विचारते, ‘प्रश्न चौथा. गेल्या महिन्यात एकदा तरी निरोध न वापरता संबंध आला का?’ आला असेल तर चार नंबरचं कार्ड हिरव्या डब्यात, नसेल तर लाल डब्यात, आणि प्रश्नच लागू होत नसेल तर पांढऱ्यात. सगळे प्रश्न झाले की सगळ्यांच्या डब्यांतली कार्डं एकत्र करून मोजायची. कुणी काय सांगितलं ते विचारणारीलाही कळत नाही, गटानं काय सांगितलं तेवढं कळतं.

कर्नाटकात एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संशोधकांनी ही पद्धत वापरली आणि तिला ‘पोलिंग बूथ सर्व्हे’ म्हटलं. एरवीच्या पाहणीत काय होतं? वही-पेन घेतलेली शिकलेली मुलगी समोर बसते. ‘ताई, दरवेळी निरोध वापरता का?’ बाई म्हणते, ‘होय की, दरवेळेस.’ ती दुसरं काय म्हणणार? तिलाही ठाऊक असतं की बरोबर उत्तर कोणतं. दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या तेव्हा डब्यांतून जास्त कबुल्या निघाल्या. निरोध फाटणं, तो न वापरणं, समोरासमोर सांगायला जीभ रेटत नाही अशा संबंधांचे प्रकार, हे सगळं तिथे पडलेल्या कार्डांवर होतं.

एचआयव्हीच्या संशोधनाची बातमी आपल्यापर्यंत औषध आणि लस यांच्या रूपानं येते. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी वाखाणलं गेलेलं काम आहे ते अशा साध्या प्रश्नांना खरी उत्तरं मिळवण्याचं.

सरकारी भाषेत ज्यांना ‘अतिजोखमीचे गट’ म्हणतात, त्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि सुईनं नशा घेणारे लोक येतात. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण आज सुमारे ०.२ टक्के आहे. २०२१च्या राष्ट्रीय पाहणीत ते देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत दोन टक्क्यांच्या आत, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यात तीन ते चार टक्क्यांच्या दरम्यान, तर सुईनं नशा घेणाऱ्यांत नऊ टक्क्यांच्या आसपास आढळलं. मिझोराम, मणिपूर आणि पंजाबचं दुखणं मुख्यतः या शेवटच्या गटाचं आहे. महाराष्ट्राची कथा मात्र आधीपासून देहविक्रय आणि स्थलांतराशी बांधलेली आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या आजही याच राज्यात सर्वाधिक आहे.

महाराष्ट्रापुरतं पाहायचं तर सुरुवात पुण्यापासून करावी लागते. १९९२ साली भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, उभी राहिली. तिच्या डॉक्टरांनी शहरातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्री-पुरुषांची तपासणी आणि पाठपुरावा सुरू केला. डिसेंबर १९९७ मध्ये डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या बाधित होत्या. याचं कुणाला फारसं नवल वाटलं नसावं. पण त्याच दवाखान्यांत आलेल्या आणि देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांतही १३.६ टक्के बाधित निघाल्या. यातल्या बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आला होता, आणि तो त्यांचा नवरा.

हा आकडा पुण्यातल्या सगळ्या गृहिणींचा नाही, गुप्तरोगाची तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्यांचा आहे. तो फरक विसरला की घबराट पसरते, आणि त्या काळात ती पसरलीही. पण निष्कर्ष पक्का होता. जोखीम वस्तीत राहते आणि घरात सुरक्षितता, अशी आपण मनाशी जी फाळणी केली होती ती विषाणूला मान्य नव्हती.

त्याच सुमारास कोलकात्यात सोनागाछीचा प्रयोग आकाराला येत होता. १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना तिथे सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर म्हणून पाहणी करायला गेले, आणि बायांना भाषण देण्याऐवजी त्यांनी बायांनाच कामाला लावलं. प्रशिक्षण घेतलेल्या बाया घरोघर फिरू लागल्या. त्यातून १९९५ मध्ये दरबार महिला समन्वय समिती उभी राहिली आणि उषा ही सहकारी पतसंस्थाही. एड्सचा आणि पतसंस्थेचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. सावकाराचं कर्ज डोक्यावर असलेली बाई जादा पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘निरोध नाही तर चालता हो’ म्हणू शकत नाही, एवढा तो सरळ आहे.

निरोधाचा नियमित वापर तीन टक्क्यांवरून दशकाअखेर नव्वदच्या घरात गेला, असं तिथल्या पाहण्या सांगतात. ही उत्तरं समोरासमोर घेतलेली, तेव्हा त्यांतून थोडी वजावट करावी हे बरं. पण रक्त खोटं बोलत नाही. सिफिलिसचं प्रमाण निम्म्यावर आलं, आणि मुंबईत देहविक्रय करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया बाधित होत्या त्या काळात सोनागाछीत ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास राहिलं.

आपल्याकडे हेच काम सांगलीत झालं. मीना सेषू यांच्या ‘संग्राम’नं १९९२ पासून सांगली-मिरजेच्या वस्त्यांत बायांच्याच हातून निरोधाचं वाटप सुरू केलं. १९९६ मध्ये या बायांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. सौंदत्तीच्या यल्लम्माशी नातं सांगणाऱ्या देवदासी कुटुंबांतल्या अनेक जणी तिच्यात होत्या. पुढे अमेरिकी मदतीसोबत अट आली, की वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे असं संस्थेनं लिहून द्यावं. संग्रामनं २००५ मध्ये ते पैसे नाकारले. ज्यांच्या भरवशावर काम चालतं त्यांच्याच विरुद्ध सही कशी करायची? एखाद्या निधीदाराला हे समजावून सांगावं लागतं, हीच कमाल.

या वस्त्यांत ‘मालक’ नावाचं एक नातं असतं. कायद्यानं नवरा नाही, पण घरचा माणूस. रोज येतो किंवा आठवड्याला येतो, पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर कधी त्याचं नाव लागतं, कधी पैसे देतो तर कधी तिच्याकडूनच घेऊन जातो. गिऱ्हाइकाशी कटाक्षानं निरोध वापरणारी बाई मालकाशी तो वापरत नाही, हे देशभरातल्या पाहण्यांत पुन्हापुन्हा दिसलं. कारण पुण्याच्या दवाखान्यातल्या नवरा-बायकोचंच: जिथे विश्वास दाखवायचा असतो तिथे निरोध काढणं म्हणजे संशय घेणं. ‘अतिजोखीम’ हा शब्द सतत गिऱ्हाइकाकडे बोट दाखवत राहिला आणि मालकाकडे लक्ष जायला उशीर झाला.

२००३ पासून गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ कार्यक्रमानं महाराष्ट्रासह सहा राज्यांत हे काम मोठ्या पसाऱ्यावर नेलं. एका पीअरकडे, म्हणजे त्यांच्यातल्याच कार्यकर्तीकडे, पन्नास-साठ जणी. ती लिहिता-वाचता न येणारी असली तरी चित्रांच्या तक्त्यावर खुणा करून ठेवते: कोण नवी आहे, कोणाकडे गिऱ्हाइकं जास्त, कोण दारू पिते, कोणाला मारहाण होते, कोणाची तपासणी राहिली. त्यावरून या आठवड्यात आधी कुणाला गाठायचं ते तीच ठरवते. आवाहनमुळे नेमक्या किती लागणी टळल्या यावर पुढे वाद झाले. पहिल्या पाच वर्षांत सुमारे एक लाख, असा अंदाज २०११ मध्ये आला, तर दोन वर्षांनी दुसऱ्या गटानं दहा वर्षांसाठी सहा लाखांचा हिशेब मांडला. तुलनेसाठी कोरे ठेवलेले जिल्हेच नव्हते, त्यामुळे सगळा खेळ गणिती प्रतिमानांवर आला.

मोजणीचा सगळ्यात मोठा धक्का मात्र २००७ मध्ये बसला. भारतात ५७ लाख बाधित आहेत, असं आदल्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचं म्हणणं होतं. आकडा एकदम २५ लाखांच्या आसपास आला. रोग पळाला नव्हता. आधीचे अंदाज सरकारी रुग्णालयांतल्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोग दवाखाने यांच्यावरून काढलेले होते. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक लाखाहून अधिक सामान्य लोकांचं रक्त तपासलं गेलं आणि पाहणीची केंद्रंही वाढली, तेव्हा चित्र बदललं.

औषधांच्या बाजूनंही पुण्याचा वाटा आहे. दोघांपैकी एकच बाधित असलेली १,७६३ जोडपी नऊ देशांतून एका चाचणीत घेतली होती आणि पुणे व चेन्नई ही त्यातली भारतीय केंद्रं होती. बाधित जोडीदाराला लवकर औषधं सुरू केली तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये सिद्ध झालं. २०१७ पासून भारतात निदान होताच उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. लागण होण्याआधीच रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळीचा अभ्यास सोनागाछी आणि मैसूरमधल्या बायांच्या संघटनांनी स्वतः चालवला. त्यात एकही नवी लागण आढळली नाही. गोळ्या बायांना झेपणार नाहीत, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी हे वाचायला हवं.

आता अडचण वेगळीच आहे. पीअर ज्या गल्लीत फिरायची ती गल्लीच विरळ होत चालली आहे. मोबाइलवर ठरतं, लॉजवर किंवा भाड्याच्या फ्लॅटवर भेट होते. त्यामुळे २०२० नंतरच्या राष्ट्रीय मोजणीत अड्ड्यांच्या जोडीला फोनवर चालणारी जाळी आणि ती चालवणारे लोकही धरावे लागले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा अंदाज दहा लाखांच्या जवळ गेला. निरोध जवळ बाळगणं हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये सांगितलं. पण महिन्यातून चार-दोनदा जाणारी, स्वतःला धंदेवाली न म्हणवणारी बाई प्रकल्पाच्या वहीत नाव घालायला तयार नसते. वहीत नाव नाही म्हणून पीअर नाही, आणि पीअर नाही म्हणून तिला दर सहा महिन्यांनी तपासणीची आठवण करून देणारंही कुणी नाही.