पाय दुखावला तरी दम टिकवूया

लावणीच्या चिखलात पाय मुरगळला, टाचेमागची जाड शीर दुखावली, की घरचे म्हणतात, ‘महिनाभर खाटेवर बस.’ पायाला आराम हवाच. पण अशी शीर भरून यायला कधी कधी 3 महिनेही लागतात. तेवढे दिवस अख्खं अंगच बसून राहिलं, तर पुन्हा शेतात उतरल्यावर बांधावरच धाप लागते.

म्हणून आम्ही गटात सांगतो, पाय बसू दे, हात चालू दे. न डगमगणाऱ्या खुर्चीवर ताठ बसा. दोन्ही हात आळीपाळीने जोरात पुढे फेका, मग जातं ओढल्यासारखे गोल फिरवा. दुखरं पाऊल जमिनीवर न रेटता एकेक गुडघा उचला. 2 मिनिटं करा, 1 मिनिट थांबा, असं 5 वेळा. बोलता येईल पण ओवी गाता येणार नाही, इतकाच दम लागू द्या. (सासूबाई हसतील. त्यांनाही शेजारी बसवा!)

पुढे डॉक्टर हो म्हणाले की सायकल चालते. मात्र पायडल चवड्याने नाही, पावलाच्या मध्याने दाबायचं, म्हणजे शिरेवर ताण कमी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं वाटलं, तर व्यायाम निम्मा करा.

बीपी, हृदयाचा त्रास किंवा साखर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. टाचेमागे ‘कट्’ असा आवाज येऊन चवड्यावर उभंच राहता येईना, किंवा एकच पोटरी सुजून गरम झाली, तर व्यायाम नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा.