भूमध्य समुद्रावरील जलक्रीडा : बेत कोठून आरंभावा?

परदेशच्या सहलीचा बेत घरांत निघाला म्हणजे प्रथम विमानाच्या तिकिटांची चौकशी होते, मग उतरण्याच्या जागेची, मग खाण्यापिण्याच्या सोयीची. समुद्र कसा आहे हा प्रश्न बहुधा कोणी विचारतच नाहीं. पाणी निळें आहे, ऊन आहे, चित्रांतील मुलें हंसत आहेत, एवढ्यावर काम भागतें. नुसतें कांठावर बसावयाचें असेल तर हा क्रम चालेल. परंतु ज्या कुटुंबांतील मंडळींस विंडसर्फिंग करावयाचें आहे, म्हणजे फळीवर उभें राहून हातांत शीड धरावयाचें आहे, किंवा लांब वल्हें घेऊन उभ्यानें फळी चालवावयाची आहे, त्यांनीं हा क्रम उलटा करावा असें आम्हांस वाटतें. आधीं वारा पाहावा, मग महिना, मग गांव. तिकीट सर्वांत शेवटीं.

आपण समुद्र ओळखतों तो भरतीओहोटीवरून. मुंबईच्या बंदरांत मोठ्या उधाणाच्या दिवशीं पाणी साडेचार-पांच मीटर चढतें, आणि कोंकणांतील म्हातारीं माणसें तिथीवरून भरतीची वेळ सांगतात. भूमध्य समुद्राचें जिब्राल्टर येथील दार अवघें १४ किलोमीटर रुंद आहे. अटलांटिकची भरती त्यांतून फारशी आंत शिरत नाहीं, आणि बहुतेक किनाऱ्यांवर पाण्याचा चढउतार हातभराहून अधिक होत नाहीं. व्हेनिस आणि ट्युनिसियाचें गाबेसचें आखात हे अपवाद. तेव्हां तेथें पंचांग कामास येत नाहीं. तेथील समुद्राचा धनी वारा होय.

ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधील ईजियन समुद्रावर उन्हाळ्यांत उत्तरेकडून जो वारा वाहतो त्यास हल्लीं मेल्तेमी म्हणतात. प्राचीन ग्रीक त्यास ‘एतेसियाइ’ म्हणजे वार्षिक वारे म्हणत. त्यांतील ‘एतोस’ हा वर्षवाचक शब्द आणि आपला संस्कृत ‘वत्सर’ हे एकाच मूळचे. नातें केवळ शब्दापुरतें नाहीं. उन्हाळ्यांत आपल्या देशावर जो कमी दाबाचा पट्टा तयार होऊन पाऊस ओढून आणतो, त्याचेंच पश्चिमेकडील टोंक तुर्कस्तानापर्यंत पोंचतें. बाल्कन प्रदेशावर मात्र हवेचा दाब अधिक असतो. आणि या दोहोंमधील उतारावरून मेल्तेमी धांवत सुटतो. आपल्याकडे आर्द्रा-पुष्याचा पाऊस कोसळत असतो तेव्हां तिकडे निरभ्र आकाशाखालीं हा वारा दिवसचे दिवस घोंघावतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकग्रंथांत कल्याण, सोपारा व चौल या बंदरांचा उल्लेख आहे. त्या ग्रंथकारानें आपल्या मोसमी वाऱ्यांसहि एतेसियन हेंच नांव योजलें आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, जुलै-ऑगस्टांत पारोस, नाक्सोस, ऱ्होड्स अशा बेटांवर वाऱ्याचा वेग पुष्कळदां २० नॉटांवर, म्हणजे ताशीं सुमारें ३७ किलोमीटरांवर जातो. निष्णातास ती पर्वणी. नवशिक्यास मात्र दिवसभर पाण्यांत पडणें आणि चढणें. ज्या घरांत सारेच नवशिके, त्यांनीं पश्चिमेकडील आयोनियन समुद्र पाहावा. तेथील वायव्येचा वारा त्या मानानें सौम्य असतो.

त्या बाजूस लेफ्कादा नांवाचें बेट आहे आणि त्याच्या दक्षिणेस वासिलिकी नांवाचें गांव. हा उपसागर डोंगरांनीं वेढलेला असून दक्षिणेकडे उघडा आहे. सकाळीं तेथें हलकी झुळूक असते, ती नवशिक्यांची वेळ. दुपारीं डोंगर तापला म्हणजे त्यावरून जोराचा वारा उपसागरावर तिरपा उतरतो, ती जाणत्यांची. एकाच घरांतील शिकाऊ आणि तरबेज अशा दोन्ही मंडळींची तेथें सोय होते. आमच्या घरच्या सात माणसांचा बेत येत्या मेअखेरीस याच गांवीं जाण्याचा आहे. बेटावर जाण्यास आगबोट लागत नाहीं. मुख्य भूमीशीं तें रस्त्यानें आणि एका तरत्या पुलानें जोडलेलें आहे. जवळचें विमानतळ आक्तियन येथें. इसवी सनापूर्वीं ३१ व्या वर्षीं ऑक्टेव्हियननें अँटनी आणि क्लिओपात्रा यांच्या आरमाराचा पराभव केला तें हेंच ठिकाण. अथेन्सहून मोटारीनें आल्यास सुमारें सहा तास लागतात. वाटेंत २००४ सालीं खुला झालेला रिओ-अँटिरिओचा २,८८० मीटर लांबीचा पूल लागतो.

महिन्याची अडचण खरी आहे. तेथील पाणी ऑगस्ट-सप्टेंबरांत सर्वांत ऊबदार, सुमारें २५ अंश. मेअखेरीस तें २० च्या आसपास असतें. आपल्या कोंकणकिनाऱ्याचें पाणी बहुधा २५ ते ३० अंश. ज्यांच्या घरीं शाळकरी मुलें नाहींत त्यांनीं सप्टेंबर पसंत करावा. आमच्यासारख्यांस मे महिनाच सोईचा. रबराचा अंगाबरोबर पोषाख भाड्यानें घ्यावा म्हणजे झालें. किनारा गोट्यांचा आहे आणि खडकांत कांटेरी सागरी प्राणी असतात, म्हणून पाण्यांत घालावयाचे जोडे घरूनच न्यावे.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला तें सांगतों. लाटा दिसल्या कीं आपण मुलांस मागें ओढतों आणि पाणी शांत दिसलें कीं निश्चिंत होतों. भूमध्य समुद्रावर हीच समजूत घात करते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, आपल्या शाळेच्या पुस्तकांत ज्यास मतलई वारा म्हणतात तसा, तर कांठचें पाणी आरशासारखें गुळगुळीत दिसतें; लाटा उठतात त्या तीन-चारशें पावलें आंत. अशा पाण्यावर हवा भरलेला हंस किंवा गादी घेऊन मूल बसलें म्हणजे तें क्षणांत खोल पाण्यावर जातें. हवेच्या त्या हलक्या वस्तूस वारा असा ढकलतो कीं चांगल्या पोहणाऱ्यासहि ती गांठतां येत नाहीं. तेव्हां दोन गोष्टी घरांतील प्रत्येकास पाठ हव्यात. खेळणें वाहून गेलें तर जाऊं द्यावें, त्यामागें पोहूं नये. आणि फळीवर असतांना वारा आंत नेऊं लागला तर फळी कधींहि सोडूं नये. शीड असेल तर पाण्यावर पाडावें, फळीवर पालथें पडून हातांनीं पाणी मारावें, तें जमेना तर हात वर करून मदत मागावी. कांठावरच्यांनीं ११२ हा क्रमांक फिरवावा. ग्रीसच्या तटरक्षकांचा क्रमांक १०८. हवेचीं खेळणीं आम्ही नेणारच नाहीं. नात रुसली आहे. तिची समजूत पुढें पडेल.

दुसरी गोष्ट पोहण्याची. बहुतेक जलक्रीडा-शाळा ५० मीटर पोहतां येतें कीं नाहीं हें विचारतात, आणि तें रास्त आहे. तरंगतें जाकीट पोहणाऱ्यास आधार देतें. पण साधें जाकीट शुद्ध हरपलेल्या माणसाचें तोंड पाण्याबाहेर ठेवीलच असें नाहीं. आमच्या पिढीनें पाठीस वाळका भोपळा बांधून विहिरींत उड्या घेतल्या. आजचीं मुलें तलावांत शिकतात. तेथें चार हातांवर भिंत असते, म्हणून खोल बाजूस, अंगावर कपडे ठेवून, भिंत न धरतां दहा मिनिटें तरंगण्याचा सराव अवश्य करावा. आणि हें शिक्षण मुलांपुरतें व पुरुषांपुरतें नसावें. पुष्कळ घरांत सूनबाई पंचे आणि चपला सांभाळीत कांठावर बसतात. त्यांना पोहणें कोणी शिकविलेलें नसतें. परंतु मूल बुडतांना दिसलें तर पोहतां न येणारी आई उडी घेतल्यावांचून राहते काय? आमच्याकडे गेल्या आश्विनापासून सूनबाई रोज सकाळीं सहा वाजतां तलावावर जातात, आणि तेवढा वेळ सकाळचा चहा व मुलांचे डबे आमचे चिरंजीव पाहतात. यावरून घरांत थोडी कुरबूर झाली. ती होऊं दिली. आतां सूनबाई शंभर मीटर पोहतात.

कागदपत्रांविषयीं थोडकें. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत आणि निदान पंधरा दिवस आधीं करावा लागतो. आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पुष्कळ विम्यांत जलक्रीडेंतील अपघात वगळलेले असतात. तें बारीक टायपांतील कलम घरांतील चष्मेवाल्यानें एकदां मोठ्यानें वाचून दाखवावें.

वडील मंडळींचा वेळ कसा जावयाचा, हाहि प्रश्न निघतो. बेटाच्या नैर्ऋत्य टोंकास पांढरे कडे आहेत. बेटाचें नांव ‘ल्युकोस’ म्हणजे पांढरा या शब्दावरून पडलें, आणि त्याचें मूळ आपल्या ‘रुच्’ धातूशीं जुळतें. कवयित्री सॅफो हिनें याच कड्यावरून उडी घेतली अशी दंतकथा आहे. जपानविषयीं लिहिणारा लॅफ्कॅडिओ हर्न १८५० सालीं याच बेटावर जन्मला व त्याचें नांवहि बेटावरूनच ठेवलें. जेवणाची चिंता करणाऱ्यांनीं ‘निस्तीसिमो’ हा शब्द लक्षांत ठेवावा. ग्रीकांच्या उपवासाचें अन्न असा त्याचा अर्थ. त्यांत मांस, दूध, अंडीं नसतात, परंतु शिंपले व माकूळ मात्र चालतात, म्हणून शब्द सांगून थांबूं नये, पुढें विचारावें. तेलांत शिजविलेल्या भाज्या, पालकाच्या पुऱ्या, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ सर्वत्र मिळते. बेटाच्या डोंगरावरील एंग्लूवी गांवची मसूर प्रसिद्ध आहे. ती विकत घेऊन उतरण्याच्या जागींच शिजवावी असें घरांत ठरलें असून गोड्या मसाल्याची पुडी सामानाच्या यादींत चढली आहे.