कॉरिंथ : दोन रुळांच्या फुलीवरचं गाव

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या कॉरिंथला ना मोठी नदी, ना बंदर. ही भूमी चिकासॉ लोकांची. १८३२च्या तहाने ती त्यांच्या हातून गेली. पुढे मोबाइल अँड ओहायो कंपनीने दक्षिणोत्तर आणि मेम्फिस अँड चार्ल्स्टनने पूर्व-पश्चिम लोहमार्ग आखला. दोन्ही जिथे एकमेकांना छेदणार होते, तिथे १८५३मध्ये गाव वसलं. नाव पडलं क्रॉस सिटी. स्थानिक वर्तमानपत्राचे संपादक गिब्सन यांनी सुचवलं म्हणून त्याचं कॉरिंथ झालं. मला पहिलंच नाव प्रामाणिक वाटतं.

नागपूरकरांना डायमंड क्रॉसिंगचं अप्रूप सांगायला नको. पण कॉरिंथच्या फुलीचं मोल वेगळं होतं. मेम्फिस-चार्ल्स्टनच्या मार्गाने मिसिसिपी नदी अटलांटिक किनाऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेला जोडली गेली होती. दुसरा मार्ग थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत जात होता. १८६१मध्ये अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण अशी यादवी पेटली आणि सैन्य, दारूगोळा, धान्य सगळं या काटकोनातून जाऊ लागलं. एप्रिल १८६२मधली शायलोची लढाई, दोन दिवसांत सुमारे २४ हजार मृत, जखमी आणि बेपत्ता, झाली ती याच फुलीसाठी. त्यानंतर उत्तरेचा सेनापती हॅलेक लाखाहून अधिक फौज घेऊन तिथून कॉरिंथकडे निघाला. अंतर पस्तीसेक किलोमीटर, वेळ लागला महिनाभर! पावलोपावली खंदक खणत तो पोहोचेपर्यंत गावात घाण पाणी आणि रोगराईने दक्षिणेचं सैन्य खिळखिळं झालं होतं. त्यांचा सेनापती बोरगार्ड याने मग नामी युक्ती केली. रिकामी गाडी आली, की सैनिकांनी कुमक आल्यासारखा जल्लोष करायचा. ३० मेच्या सकाळी हॅलेकच्या हाती लागलं ते ओस गाव.

रणांगणाच्या वर्णनात लेखक इथेच रमतात. मला मात्र पुढचं दीड वर्ष अधिक मोलाचं वाटतं. दक्षिणेतले रूळ अंथरताना गुलामांचे श्रम वापरले गेले होते. आता उत्तरेच्या ताब्यातल्या या गावाकडे मळ्यांतून पळालेले गुलाम येऊ लागले. जनरल ग्रेनव्हिल डॉज यांनी त्यांच्यासाठी छावणी उभारली. हेच डॉज पुढे युनियन पॅसिफिक रेल्वेचे मुख्य अभियंता झाले. छावणीत घरं, चर्च, शाळा, दवाखाना होता. लोकांनी सामायिक शेतात कापूस आणि भाजीपाला पिकवला. मे १८६३पर्यंत त्यात चार ते पाच हजार डॉलर नफाही झाला. हजारावर माणसं वाचायला शिकली. दक्षिणेत गुलामांना अक्षरओळख करून देणं अनेक ठिकाणी गुन्हा होता, हे लक्षात घेतलं तर हा आकडा नफ्याहून मोठा आहे.

डिसेंबर १८६३मध्ये छावणी मोडून माणसं मेम्फिसला हलवली. कॉरिंथला भरती झालेली पलटण पुढे ५५वी कृष्णवर्णीय पायदळ पलटण म्हणून ओळखली गेली. जून १८६४मध्ये ब्राइसेस क्रॉसरोड्सला उत्तरेच्या फौजेची दाणादाण उडाली, तेव्हा माघार घेणाऱ्यांच्या पाठीशी उभं राहून लढणाऱ्यांत ती होती.